विजेची बेगमी

गेल्या मे महिन्यातला शनिवार. दुपारी साडेबाराला आमच्या ऐरोलीच्या सोसायटीची लाईट गेली आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत पाचव्या मजल्यावरच्या आजी, हातात भाजीची पिशवी. वॉचमनने किल्ली लावून दार उघडलं, खाली स्टूल धरलं, आजी उतरल्या, पदराने घाम पुसला आणि जिन्यात जमलेल्या कमिटीकडे बघून म्हणाल्या, "गच्चीवर सोलरची एवढी ताटं मांडून ठेवलीत ना? ऊन तर डोकं फोडतंय. मग लिफ्ट बंद का?"

कमिटीत मीही आहे. २० किलोवॅटचं सोलर बसवावं म्हणून सर्वसाधारण सभेत सगळ्यात जास्त बोलणारा मीच होतो. त्यामुळे उत्तर देणं मलाच भाग होतं.

आमचं सोलर 'ऑन-ग्रिड' आहे, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं. गच्चीवरचा इन्व्हर्टर बाहेरच्या विजेचा ठेका ऐकतो आणि त्याच ठेक्यात आपली वीज सोडतो. भजनात पखवाज थांबला की टाळकऱ्यांचे हात थांबतात, तसा लाईन गेली की हा इन्व्हर्टरही थांबतो. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. खाली डीपीवर वायरमन तार जोडत असताना आमच्या गच्चीवरून वीज उलटी त्याच्या तारेत शिरली, तर तो जिवानिशी जाईल. शिवाय बॅटरी आम्ही घेतलेली नाही, कारण सभेत बॅटरीचा आकडा वाचून दाखवल्यावर शांतता पसरली होती.

आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपली असून आपली नाही."

माझ्या मते आपल्याकडे विजेवर चालणारी जवळजवळ सगळी चर्चा आजींच्या या वाक्याच्या अलीकडेच थांबते. कोळसा वाईट, सूर्य चांगला, पॅनेल लावा, बिल शून्य करा. यातलं काही खोटं नाही. पण वीज कशापासून बनवायची यावर आपण जितकं बोलतो, त्याच्या दहावा हिस्साही ती कधी लागते आणि तोवर ठेवायची कुठे यावर बोलत नाही. आपल्याला विजेची कमाई कळते, बेगमी कळत नाही. खरं तर ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाला बेगमी शिकवायला नको. इथल्या आगरी-कोळी घरांत पावसाळ्याआधी आगोट भरली जाते. मासेमारी बंद व्हायच्या आधी सुकट, बोंबील, सोडे उन्हात वाळवून डब्यांत जातात. दिवाळे गावात किंवा सारसोळ्यात एप्रिल-मे महिन्यात गेलात, तर नाकालाच कळतं. आषाढात ताजी मासळी मिळणार नाही हे ज्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, त्यांच्याच शेजारी राहणारे आपण संध्याकाळी सातला सूर्य नसतो हे धरूनच चालत नाही.

थोडं मुळापासून सांगायला हवं. पाणी टाकीत राहतं, गॅस सिलेंडरमध्ये राहतो, पण तारेत वीज राहत नाही. या क्षणी माझ्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याची वीज याच क्षणी कुठेतरी तयार होते आहे. देशभरातली जनित्रं एका लयीत, सेकंदाला ५० आवर्तनं, अशी बांधलेली आहेत. वापर वाढला आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर ही लय ५०च्या खाली घसरते. वापर अचानक कमी झाला, तर वर चढते. दोन्ही वाईट. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्टीत ठेवायची असते. महाराष्ट्रापुरतं हे काम जिथे चालतं, ते राज्य भार प्रेषण केंद्र आमच्याच ऐरोलीत, ठाणे-बेलापूर रोडवर आहे. त्या रस्त्याने रोज हजारो माणसं कंपनीच्या बसमधून जातात. कोयनेचं पाणी आत्ता सोडायचं की तासाभराने, चंद्रपूरचा कुठला संच किती खाली आणायचा, याचा मेळ त्या आवारात घातला जातो हे त्यातल्या कितीजणांना माहीत असेल? मलाही बरीच वर्षं नव्हतं.

हा मेळ किती नाजूक असतो हे २०२०ने दोनदा दाखवलं. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता देशाने ९ मिनिटं दिवे बंद केले. देशभरातली मागणी तीस हजार मेगावॅटहून अधिक उतरली आणि दिवे पुन्हा लागताच परत चढली. तो झोका सावरला मुख्यतः पाण्याने. जलविद्युत संच मिनिटांत खाली आणता येतात आणि मिनिटांत वर नेता येतात. कोळशाच्या बॉयलरला ती चपळाई नाही. नंतर १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा या वाहिन्यांवर गडबड झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. देशात वीज होती, पण ती इथे पोहोचवणारी वाट बंद पडली होती. त्या दिवशी सौर की कोळसा या वादाला काडीचा अर्थ नव्हता.

आता शाळेकडे येतो. माझी भाची दहावीला आहे, ठाण्यात नौपाड्यात राहते. परीक्षेच्या आधी तिने मला ऊर्जास्रोतांचा तक्ता धडाधड म्हणून दाखवला. डावीकडे संपणारे: कोळसा, तेल, वायू, अणू. उजवीकडे न संपणारे: सूर्य, वारा, पाणी, जैविक. मी विचारलं, "बाळा, आत्ता रात्रीचे आठ वाजलेत. उजवीकडचं कोण कामावर आहे?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मामा, हे पेपरात येत नाही."

येत नाही हे खरं. तक्ता चुकीचा नाही, पण त्यातली रेघ आज फारशी उपयोगाची राहिलेली नाही. स्रोत संपतो की नाही, एवढा एकच प्रश्न ती विचारते. मी तिला आणखी दोन प्रश्न विचारायला सांगितले. धूर होतो का? आणि हाक मारली की येते का? तारापूरची अणुवीज १९६९पासून चालू आहे. इंधन संपणारं, पण धूर नाही आणि चोवीस तास सलग. कोयना: न संपणारी, धूर नाही आणि हाकेसरशी हजर, म्हणजे हुकमी. सूर्य: न संपणारा, धूर नाही, पण मनमौजी. कोळसा: संपणारा, धुराचा आणि हुकमी म्हणावा तर आळशी. उरणचं वायू विद्युत केंद्र ६७२ मेगावॅटचं, चपळ, आपल्या दाराशी. पण पुरेसा वायूच मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं क्षमतेपेक्षा बरंच कमी चालणारं. नैसर्गिक वायू आणखी किती वर्षं पुरेल, हा पुस्तकातला प्रश्न उरणला आजच गैरलागू झालाय.

आणि 'पारंपरिक-अपारंपरिक' या जोडीची तर आपल्या भागात गंमतच होते. मुंबईची मोठी वीज आली ती सह्याद्रीच्या पावसातून. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५चं. त्या विजेवर गिरण्या फिरल्या. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं १९५६मध्ये. म्हणजे आपल्याकडे पाण्याची वीज थोरली आणि कोळशाची धाकटी. मात्र ही थोरली निष्पाप होती असंही नाही. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रासाठी मुळशीत धरण बांधलं गेलं, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. ज्याचं शेत पाण्याखाली गेलं त्याला 'स्वच्छ ऊर्जा' हा शब्द कसा ऐकू येत असेल, हे गच्चीवर पॅनेल लावून मिरवणाऱ्या आमच्यासारख्यांनी मधूनमधून आठवावं.

मेगावॅटचा घोळही असाच. २०२५च्या मध्यावर बातमी आली की देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी आता कोळसा-तेल-वायूवर अवलंबून नाही. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच सुमाराला देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली जवळपास तीन चतुर्थांश कोळशाचीच होती. दोन्ही आकडे खरे. मेगावॅट म्हणजे रिक्षा किती वेगाने पळू शकते, आणि युनिट म्हणजे दिवसभरात ती किती किलोमीटर धावली. स्टँडवर उभ्या रिक्षांची गणती करून शहराचा प्रवास मोजता येत नाही.

आमच्याच गच्चीचा हिशोब घ्या. एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं आणि त्याला शंभरेक चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, डिश आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा जाता आमच्याकडे २० किलोवॅटपुरती जागा निघाली. म्हणजे दिवसाला ८० आणि महिन्याला २,४०० युनिट. जुलैत ढग दाटले की त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. मार्चमध्ये ऊन भरपूर, पण रस्त्याची आणि बांधकामांची धूळ एवढी बसते की दर पंधरा दिवसांनी पाइप घेऊन पॅनेल धुवावी लागतात. (वॉचमनला याचे वेगळे पैसे द्यायचे की नाही यावर एक अख्खी सभा गेली आहे.) इमारतीत ५६ घरं. घरटी महिन्याला २५० युनिट धरली तर १४ हजार. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे धरून साडेसोळा हजार. म्हणजे गच्ची भरून पॅनेल लावूनही सातवा हिस्सा. सात मजल्यांची ही स्थिती. घोडबंदर रोडच्या तीस मजली टॉवरचा भागाकार तुम्हीच करा.

तरीही पॅनेल लावावीत, आणि मी पुन्हा त्याच बाजूने मत देईन. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. आम्हाला त्याचे ३ लाख ६० हजार सुटतात आणि सामायिक वीजबिल एकदम खाली येतं. सातवा हिस्सा म्हणजे शून्य नव्हे. माझा आक्षेप आहे तो 'आमची इमारत सोलरवर चालते' या वाक्याला. ती चालत नाही. दुपारी आम्ही वीज लाईनला देतो, संध्याकाळी लाईनकडून घेतो, महिनाअखेर नेट मीटर वजाबाकी करतो. दुपारी दिलेली वीज आमच्यासाठी कुणीतरी डब्यात भरून ठेवली होती, अशी आमची समजूत असते. प्रत्यक्षात दुपारची वीज दुपारीच कुणीतरी वापरलेली असते आणि रात्री आमच्यासाठी दुसरीकडे कोळसा जळत असतो. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांचंही तेच. चोवीस तास एकसारखा भार, आणि 'शंभर टक्के हरित'चा हिशोब मात्र वर्षाच्या बेरजेवर. वर्षाची बेरीज कागदावर जुळते. रात्री दोन वाजता नाही जुळत.

कुणी म्हणेल, मग कोळसाच बरा. हुकमी तरी आहे. हे म्हणणाऱ्याने एकदा पडघ्याच्या उपकेंद्राबाहेर उभं राहावं. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची (डीसी) वाहिनी १९९९पासून तिथे येऊन पोहोचते. ठाणे जिल्ह्यातलं पडघा हे तिचं एक टोक. दुसऱ्या टोकाला २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र आणि त्याच्या चिमण्या. कोळशाच्या एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. त्याच्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश विजेत उतरते, बाकीची वाया जाते. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख. आमच्या ५६ घरांची १४ हजार युनिट सगळी कोळशाची धरली, तर महिन्याला नऊ टनांहून जास्त कोळसा आणि तीन टनांच्या घरात राख. एका सात मजली इमारतीपोटी. ती राख आमच्या पार्किंगमध्ये पडत नाही, चंद्रपुरात पडते, म्हणून आम्हाला एसी २२ वर लावून पांघरूण घेता येतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा किती चढतो हे मी वेगळं सांगायला नको.

तेव्हा कोळसा कमी व्हायलाच हवा. पण तो दुपारी कमी होऊन भागत नाही, आणि दुपारीही एका मर्यादेखाली जात नाही. औष्णिक संच ५५ टक्क्यांच्या खाली आणणं सध्या कठीण, आणि पुरता बंदही करता येत नाही, कारण संध्याकाळी तोच लागणार असतो. सूर्य मावळतो आणि त्याच अर्ध्या तासात घराघरात दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी चालू होतात. राजस्थानात भर दुपारी तयार होऊ शकणारी सौर वीज न्यायला वाहिन्या पुरत नाहीत म्हणून सोडून द्यावी लागल्याच्या बातम्या २०२५मध्ये आल्या. ताटात जास्त झालेलं टाकून द्यायचं आणि रात्री उपाशी झोपायचं, असला हा कारभार.

इथे बेगमीचा प्रश्न येतो, आणि त्याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात २००८पासून उभं आहे. सांदण दरीला जाणाऱ्या ट्रेकर पोरांनी ते पाहिलेलं असतं, फक्त ओळखलेलं नसतं. घाटमाथ्यावर घाटघरला एक तलाव, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा. मागणी कमी असेल तेव्हा पाणी खालून वर चढवायचं, गरज पडली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायची. २५० मेगावॅट. याला सरकारी मराठीत 'उदंचन' म्हणतात. उगाच बिचकू नका, वर उपसणं एवढाच अर्थ. शंभर युनिट घालून वर चढवलं तर पंचाहत्तर-ऐंशी युनिट परत मिळतात. हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे असं एका निवृत्त काकांनी मला सुनावलं. काका, बोंबील वाळवल्यावर वजन किती उरतं? तरी वाळवतोच ना. दुपारी फुकट जाणारं युनिट संध्याकाळी मिळालं तर त्याची किंमत वेगळी असते.

मग कोयना आहे ना, असं लगेच कुणी म्हणतं. आहे, १,९६० मेगावॅट. पण कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. ते पाणी संपलं की टर्बाइन शाबूत असूनही उपयोग नाही. म्हणजे कोयनासुद्धा साठवणीच्या डब्यासारखी जपून वापरायची.

म्हणून माझं म्हणणं असं की, सरकारने आता मेगावॅटची उद्घाटनं थोडी कमी करून साठवणुकीवर आणि वाहिन्यांवर पैसा आणि लक्ष घालावं. उदंचनाचे मोठे करार झाले आहेत. २०२३मध्ये भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॅटची घोषणा झाली. चांगलं आहे. पण सह्याद्रीत दर खिंडीत एक तलाव असं करायला गेलो, तर मुळशी पुन्हा घडेल. आधीपासून धरण असलेल्या जागा प्रथम, ग्रामसभेला विचारून, आणि शहरांजवळच्या उपकेंद्रांत दोन-चार तासांच्या बॅटऱ्या. डेटा सेंटरला जोडणी देताना संध्याकाळच्या वापराची साठवण तुम्हीच करा, अशी अट घालायला काय हरकत आहे?

आणि आपण? इथे माझं मत शेजाऱ्यांना आवडत नाही. वेळेनुसार वीजदर असावा या बाजूचा मी आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत, असं २०२५च्या जुलैपासून महावितरणने लागू केलं. त्या मीटरला आमच्याकडे जोरदार विरोध आहे. मीटर पळतो ही शंका लोकांच्या मनातून गेलेली नाही, आणि ती काढायची जबाबदारी मीटर बसवणाऱ्यांची आहे, ग्राहकाला अडाणी ठरवून भागणार नाही. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो: सकाळी सातची लोकल पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या नवरा-बायकोने दुपारी वॉशिंग मशीन लावायचं कसं? त्यांना ८० पैशांचा उपयोग नाही, हे कबूल. पण म्हणून दुपारचं आणि रात्रीचं युनिट एकाच भावाने विकत राहायचं का? बाजारात हापूस मार्चमध्ये आणि मेमध्ये एका भावाने मिळत नाही, त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. नोकरदार घराला जमत नसेल, तर सोसायटीला जमतं. सोसायटीचे पंप आहेत, चार्जिंगला लावलेल्या स्कूटर आहेत, क्लब हाऊसचे एसी आहेत.

आमच्याकडे मी पंपापासून सुरुवात केली. साडेसात हॉर्सपॉवरचा पंप पहाटे सहाला आणि संध्याकाळी सातला चालायचा, कारण पहिल्या सेक्रेटरींनी तशी वेळ घालून दिली होती आणि ते पनवेलला राहायला जाऊनही वेळ बदललेली नव्हती. आता तो सकाळी अकराला चालू होतो, डोक्यावर पॅनेल तळपत असताना. गच्चीवरची टाकी म्हणजे आमचं छोटं घाटघरच. फरक एवढाच की आम्ही पाणी खाली सोडून वीज परत मिळवत नाही, आंघोळ करतो. अडचण अशी निघाली की टाकी अर्ध्या दिवसाचीच आहे. अकराला भरलेलं पाणी रात्री साडेनऊला तळ गाठतं आणि मग पंप पुन्हा लावावा लागतो, चंद्रपूरच्या विजेवर. पहिल्या आठवड्यात वॉचमन वेळ विसरला, रात्री दहाला नळाने सुस्कारा टाकला आणि पाचव्या मजल्यावरून इंटरकॉम आला. "वीज आपली नव्हती, आता पाणीपण नाही का?"

आणखी दोन काळ्या टाक्या बसवायचा प्रस्ताव मी लिहून दिला आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो विषय क्रमांक सहा आहे. विषय क्रमांक पाच म्हणजे गेटची नवी कमान आणि तिच्यावरची एलईडीची रोषणाई. रोज संध्याकाळी सात ते अकरा.